संक्रांतीआधी दिलेला गडी

लग्न होऊन मी कल्याणला आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला एक गोष्ट सांगून ठेवली. म्हणाल्या, "दिवाळी झाली की शिमग्यापर्यंत तुझा नवरा आपला नाही. मैदानाचा आहे. रागावून काही उपयोग नाही." त्या स्वतः रागावून दमल्या होत्या, हे मला पुढे कळलं.

हे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. सकाळी डबा घेऊन जायचे आणि शेड सुटली की घरी न येता थेट काळ्या तलावाजवळच्या मैदानावर. आमच्या आळीतल्या मंडळाचा हुतूतूचा संघ तिथं सराव करायचा आणि हे त्या संघाचे कप्तान होते. मैदानावर कुठूनशी तांबडी माती आणून टाकलेली होती. ती ह्यांच्या अंगाला, कपड्यांना, केसांना लागून घरात यायची. मी कपडे धुवायला बसले की दगडावरून लाल पाणी वाहायचं. पहिल्या वर्षी ते रक्तच समजून मी ह्यांच्या अंगावर जखम शोधली होती.

जिल्ह्यात तेव्हा एका फिरत्या ढालीसाठी सामने होत. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली अशा ठिकाणचे संघ हिवाळाभर दर रविवारी एकमेकांशी खेळत आणि जे दोन संघ सगळ्यांत वर राहतील त्यांच्यात शेवटचा सामना होई. आमचं मंडळ त्या सामन्यापर्यंत दोनदा पोहोचलं आणि दोन्ही वेळा हरलं. दुसऱ्यांदा हरून आले तेव्हा हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. उद्या जेवेल."

माझी आई गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ सोळा-सतरा वर्षांचा होता. वडील आधीच गेलेले. राजापूरकडच्या आमच्या घरात काका होते, पण त्यांचाच संसार मोठा. हेच म्हणाले, "त्याला इकडे घेऊन ये. एका माणसाने काय फरक पडतो?" रेशनच्या तांदळाच्या त्या दिवसांत एका माणसाने फरक पडायचाच, पण ह्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही. भाऊ आला, मॅट्रिकला बसला, नापास झाला. पुन्हा बसणार म्हणून घरीच राहिला. पाणी भरायचा, दळण आणायचा, सासूबाईंना देवळात घेऊन जायचा.

तो हुतूतू खेळू शकतो हे ह्यांना खाडीवर कळलं. एका रविवारी दुर्गाडीच्या पायथ्याशी मुलं चिखलात पकडापकडी खेळत होती. माझ्या भावाला कुणी पकडूच शकत नव्हतं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "तुझ्या भावाच्या अंगाला तेल लावल्यासारखं आहे गं. हाताला लागतच नाही." ह्यांचा चेहरा असा उजळलेला मी फारच थोड्या वेळा पाहिला.

मग दोन वर्षं ह्यांनी त्याला शिकवलं. श्वास कसा भरायचा, 'हुतूतू' म्हणताना तो पुरवून पुरवून कसा सोडायचा, डाव्या पायाने गडी कसा टिपायचा. अंगणात प्राजक्ताच्या झाडापासून न्हाणीघरापर्यंत रेघ मारून दोघांचं चाललेलं असायचं. सरावाला त्याचा जोडीदार होता डोंबिवलीजवळच्या कोपर गावचा एक मुलगा. त्याच्या घरची भातशेती होती आणि पूर्वी मिठागरातही कामं केलेली. पोरगा आडवा, दणकट. एकदा कुणाचा पाय त्याच्या हातात आला की सुटत नसे. डोंबिवलीहून ठाकुर्लीवरून रुळांच्या कडेने चालत यायचा आणि आल्या आल्या ओरडायचा, "वयनी, भूक लागली गो!" माझा भाऊ चढाईला जायचा, हा पकड करायचा. बाकीचे सगळे गडी तिशीच्या पुढचे. मंडळाचं पुढचं सगळं ह्या दोघांवर आहे, असं आळीत जो तो म्हणायचा.

मी सांगते आहे त्या वर्षी हे चौतीस वर्षांचे होते. गुडघा दुखायचा. रोज सकाळी मी शेक द्यायचे. एकदा शेक घेता घेताच म्हणाले, "हे शेवटचं वर्ष. ह्यानंतर मी खेळणार नाही."

त्या वर्षी संघ सुरुवातीपासून जिंकत होता. मार्गशीर्ष निम्मा होईपर्यंत आम्ही पहिल्या दोघांत होतो. आणि मग भिवंडीच्या सामन्यात आमचा मुख्य चढाईवाला पडला. हा रेतीच्या होडीवर काम करायचा, ह्यांचा शाळेपासूनचा मित्र. तीन-चार जण त्याच्यावर पडले आणि खांद्याचं हाड मोडलं. ह्यांनी त्याला टांग्यात घालून आणलं. त्याच्याऐवजी माझ्या भावाला पुढे करावं लागलं. तो चांगला खेळला, पण शेवटी पोरच. गडबडीत धीर सुटायचा. पुढचा सामना आम्ही जेमतेम जिंकलो, त्याच्या पुढचा हरलो.

अशा वेळी ठाण्याच्या एका मिलचा माणूस आमच्याकडे आला. मिलचा स्वतःचा संघ होता आणि हा माणूस तो सांभाळायचा. पांढरा शर्ट, हातात छत्री, बोलणं गोड. मी पोहे केले होते. त्याने ते आवडीने खाल्ले आणि मग कामाचं बोलला. मिलचा संघ त्या वर्षी खाली गेला होता. ढाल त्यांना मिळण्यासारखी नव्हती, म्हणून ते पुढच्या वर्षांचा विचार करत होते. त्यांच्याकडे एक जुना, नावाजलेला चढाईवाला होता. तो ते आम्हाला उरलेल्या सामन्यांसाठी द्यायला तयार होते. बदल्यात त्यांना आमची दोन पोरं हवी होती. पोरांना मिलमध्ये नोकरी लावणार होते.

"नुसतं खेळायला नेत नाही," तो म्हणाला. "जन्माचं कल्याण होईल त्यांचं."

सामन्यांचा एक नियम होता. संक्रांतीपर्यंत गडी एका संघातून दुसऱ्या संघात जाऊ शकत असे, मात्र त्यासाठी त्याच्या कप्तानाने सोडचिठ्ठी द्यावी लागे. सोडचिठ्ठी हा शब्द मी तोवर फक्त टाकलेल्या बायकांच्या बाबतीत ऐकला होता.

पुढच्या रविवारी सकाळी मंडळाची माणसं आमच्या ओटीवर जमली. मी माजघरात चहाचं बघत होते. मधलं दार उघडंच होतं, त्यामुळे शब्द न शब्द ऐकू येत होता.

मंडळ ज्यांनी स्थापन केलं ते मास्तर आता म्हातारे झाले होते. शाळेतून निवृत्त होऊनही काळी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. तेच आधी बोलले. "पोरं द्यायची नाहीत. पेरायला ठेवलेलं भात कोणी शिजवून खातं का? यंदाची ढाल गेली तर पुढच्या वर्षी येईल. ही पोरं गेली तर पुढच्या वर्षी तुम्ही मैदानात कोणाला उतरवणार आहात?"

किराणा दुकानदार मंडळाचे खजिनदार होते. ते म्हणाले, "मास्तर, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत दहा वर्षं गेली. आपले गडी आता उतरणीला लागलेत. यंदा जे जमेल ते पुन्हा जमायचं नाही. आणि पोरांचं तरी काय नक्की? आज चांगली खेळतात. उद्या एखाद्याचा पाय मोडला, एखादा नोकरीसाठी मुंबईला गेला, मग काय हातात राहिलं? मिळतंय ते घ्यावं."

"आणि पोरांना नोकरी लागतेय," आणखी कोणीतरी म्हणालं. "आपण कोणाला लावू शकलो?"

खांदा मोडलेला मित्र गळ्यात झोळी बांधून बसला होता. त्याच्या जागी नवा माणूस येणार, तेव्हा त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "कप्तानाचं हे शेवटचं वर्ष आहे. माझा हात धड असता तर मी एकट्याने ढाल आणली असती त्याच्यासाठी. आता नाही. जो आणेल त्याला आणा."

 मी कपबशा घेऊन बाहेर गेले तेव्हा पाहिलं. हे मांडी घालून बसले होते आणि जमिनीकडे बघत होते.

मास्तरांनी विचारलं, "पोरांना विचारलंय का कोणी?"

पोरं अंगणातच होती. दोघांना आत बोलावलं. कोपरचा मुलगा दारातूनच म्हणाला, "मना नाय जायचा. माझा बापूस शेतावर एकटाच हाय." आणि विषय संपवून उभा राहिला. त्याच्यामागे त्याचं घर होतं, शेत होतं. त्याला कोणी काही म्हणू शकलं नाही.

मग सगळे माझ्या भावाकडे बघायला लागले. तो म्हणाला, "भावोजी म्हणतील ते."

खजिनदार खूश झाले. "बघा, किती गुणी पोर आहे." माझ्या हातातला ट्रे मी खाली ठेवला. कारण त्या तीन शब्दांत त्याने काय सांगितलं होतं ते त्या ओटीवर फक्त मला कळलं असावं. तो आमच्याकडे जेवत होता. ज्याच्या घरी जेवायचं त्याला नाही कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला गाठलं. तो विहिरीवर पाणी काढत होता. मी म्हटलं, "खरं सांग. जायचंय का तुला?"

"ताई, आता कशाला विचारतेस?"

"मला सांग ना."

त्याने पोहरा कठड्यावर टेकवला. "मला इथंच खेळायचंय. ह्या लोकांबरोबर. पण मी नाही म्हटलं आणि ढाल गेली, तर जन्मभर भावोजींच्या समोर कसा बसू?"

"आणि नोकरी?"

"नोकरीचं मलाही कळतं गं. ती नको असं थोडंच आहे? पण मला असं... गडी देऊन गडी घ्यायचा, तसं जायचं नाही."

खरं सांगायचं तर नोकरी मलाही हवी होती. मॅट्रिक नापास मुलाला मिलमध्ये कायमची नोकरी लागते म्हणजे लहान गोष्ट नव्हती. आई असती तर तिने देवापुढे साखर ठेवली असती. पण माझ्या भावाचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, हे असं नको.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुऊन झाल्यावर मी म्हटलं, "तो तुमच्या संघाचा गडी असेल. माझा भाऊ आहे. त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि विचारा. 'भावोजी म्हणतील ते' हे उत्तर धरू नका."

"विचारलं की सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर तो काय बोलणार? तो तुमच्याकडे जेवतो."

हे एकदम माझ्याकडे बघायला लागले. "मी कधी त्याच्या जेवणाचं बोललोय?"

"नाही बोललात. म्हणूनच तो नाही म्हणू शकत नाही."

हे बराच वेळ पंच्याने पाय पुसत राहिले. पाय केव्हाच कोरडे झाले होते. मग म्हणाले, "विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर मला ऐकावं लागेल."

"मग ऐका."

ह्यांनी त्याला विचारलं नाही. दोन दिवसांनी ठाण्याला जाऊन सांगून आले की कोपरचा मुलगा येणार नाही, एकाच्या बदल्यात एक. मिलवाल्यांनी मान्य केलं. माझ्याशी हे त्याबद्दल एवढंच बोलले, "त्याचं चांगलंच होईल."

भोगीच्या दिवशी भाऊ मिलच्या चाळीत राहायला गेला. मी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली होती. तो नीट जेवला. पत्र्याची ट्रंक घेतली, सासूबाईंच्या पाया पडला, ह्यांच्या पडला. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दम पुरवून खेळ. घाई करू नकोस." तो हो म्हणाला. स्टेशनपर्यंत कोपरचा मुलगा त्याची ट्रंक डोक्यावर घेऊन गेला. परत आला तेव्हा आत न येता अंगणातूनच निघून गेला. त्या दिवशी त्याला भूक लागली नव्हती.

मिलमधून आलेला गडी साताऱ्याकडचा होता. उंच, हाडापेराने मोठा, चाळिशीला आलेला. मिल सुटली की गाडीने कल्याणला यायचा आणि सराव झाला की ह्यांच्याबरोबर आमच्याकडे जेवून परत जायचा. पहिल्या दिवशी मी पानं वाढली आणि तो बसला. मला त्याच्याकडे बघवेना. त्याने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "वैनी, मी कुनाच्या जागंवर बसलोय का?"

मी भाकरी आणायला आत वळले. सासूबाईच म्हणाल्या, "जेवा हो तुम्ही. जागा काय, कोणाची नसते."

जेवण झाल्यावर तो ह्यांना म्हणाला, "कप्तान, आधीच सांगून ठिवतो. माझा दम पैल्यासारखा ऱ्हायला न्हाई. पिंजणखात्यात कापसाच्या धुळीत वीस वर्सं काडली. अर्धा डाव मी कुनाला ऐकनार न्हाई. पुढच्या अर्ध्याचं काय सांगता येत न्हाई. मिलवाल्यांनी तुमास्नी हे सांगितलं नसंल."

हे म्हणाले, "नाही सांगितलं."

"मंग आता सांगितलं. परत धाडायचं असंल तर धाडा."

संक्रांत होऊन गेली होती. परत पाठवून भाऊ परत येणार नव्हता. पण तो माणूस खरं बोलला, म्हणून त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग गेला. पुढे मी त्याच्यासाठी मुद्दाम आल्याचा काढा करून ठेवायचे.

आणि तो खेळलाही तसाच. पहिल्या अर्ध्या डावात दोन-तीन गडी एकाच चढाईत मारून यायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात हे त्याला मागे ठेवायचे. आम्ही पुन्हा जिंकायला लागलो. आळीत लोक म्हणायला लागले, बघा, कप्तानाने बरोबर केलं. मास्तर सामन्यांना यायचे, पण काही म्हणायचे नाहीत.

मग मिलशी सामना आला, आमच्याच मैदानावर. हुतूतू बघायला बायका जात नसत, पण खजिनदारांचं घर मैदानाला लागूनच होतं. त्यांच्या बायकोने मला वरच्या गॅलरीत बोलावलं. मी ह्यांना मैदानावर खेळताना तोपर्यंत कधी पाहिलंच नव्हतं. भावालाही नाही.

तो मिलच्या कपड्यांत होता. निळी चड्डी, निळी बंडी. त्याच्या अंगावर आमची माती बघायची सवय असलेल्या मला तो ओळखूच आला नाही आधी. चढाईला आला आणि मग त्याचा आवाज ऐकला, एका लयीतला, बारीक, न तुटणारा. अंगणात ऐकलेला तोच आवाज.

पहिला अर्धा डाव आमचा झाला. दुसऱ्यात आमचे गडी एकेक करून बाद होत गेले. शेवटी आमच्या बाजूला दोघेच राहिले, डाव्या कोपऱ्यात हे आणि मधोमध कोपरचा मुलगा. आणि मिलकडून चढाईला माझा भाऊ.

तो उजवीकडे झुकला, मग एकदम वळून डावा पाय ह्यांच्याकडे टाकला. ही हूल ह्यांनीच त्याला शिकवलेली. हे वाटच बघत होते. खाली बसून ह्यांनी त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला. मैदानभर आरडाओरडा झाला. आता कोपरच्या मुलाने मागून येऊन कंबर धरायची, की संपलं. दोन वर्षं हे आणि तो मिळून तेच करत आले होते.

तो जागचा हलला नाही. क्षणभरच, पण हलला नाही. माझा भाऊ दोन्ही हात पुढे टाकून रेषेकडे सरकत होता, हे त्याच्या पायाला लटकून मातीतून ओढले जात होते, आणि त्याचा आवाज बारीक बारीक होत चालला होता. कोपरच्या मुलाने उडी मारली, त्याचा हात भावाच्या कमरेला लागला आणि लगेच भावाची बोटं रेषेला लागली. पंचांनी शिट्टी मारली. हे बाद झाले आणि पकडायला जाऊन हात लागला म्हणून तोही बाद झाला. अख्खा संघ बाद. सामना मिलने घेतला.

लोक कोपरच्या मुलाला नाही नाही ते बोलले. हे त्याला एक शब्द बोलले नाहीत. धूळ झटकत उभे राहिले आणि माझ्या भावाकडे गेले. काय बोलले ते मला गॅलरीतून ऐकू आलं नाही. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत माती गेली होती की काय, तो सारखे डोळे पुसत होता.

चार दिवसांनी कोपरचा मुलगा मागच्या दारी आला. बसला नाही. म्हणाला, "वयनी, माझा पायच नाय उचलला. मुद्दाम नाय केला मी."

मी म्हटलं, "मला माहीत आहे."

तो सामना हरूनही आम्ही पहिल्या दोघांत राहिलो. शेवटचा सामना ठाण्याला झाला. साताऱ्याच्या गड्याने पहिल्या अर्ध्या डावात एवढे गुण घेतले की दुसऱ्यात नुसता बचाव करायचा उरला. दुसऱ्या अर्ध्यात त्याला खोकल्याची अशी ढास लागली की तो मैदानाबाहेर जाऊन गुडघ्यांवर बसला. ह्यांनी आणि कोपरच्या मुलाने कोपरे धरून ठेवले. एका गुणाने आम्ही जिंकलो.

ढाल ट्रकमधून आली. ताशे होते, गुलाल होता. ह्यांना लोकांनी खांद्यावर घेतलं. मास्तर आले, त्यांनी ह्यांच्या गळ्यात हार घातला, पाठ थोपटली आणि मिरवणुकीबरोबर न जाता घरी गेले. ढाल आमच्या ओटीवर ठेवली. आळीतली बायकामुलं येऊन बघून जात होती. हे दारात बसून सगळ्यांशी बोलत होते. सगळे गेल्यावर मी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं," हे म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "तो असता तर जास्त बरं वाटलं असतं."

भाऊ दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. बसला, चहा घेतला, ढालीवरून हात फिरवला. जेवून जा म्हटलं, तर म्हणाला, मिलमध्ये पाळी आहे. पाहुण्यासारखा आला आणि पाहुण्यासारखा गेला.

मास्तर म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या वर्षी हे खेळले नाहीत. साताऱ्याचा गडी मिल सोडून गावी गेला. एकदा त्याने कोणाबरोबर तरी गुळाची ढेप पाठवली, आणि त्यानंतर वर्षभरात तो गेल्याचं कळलं. मित्राचा खांदा नीट बसलाच नाही. कोपरचा मुलगा काही महिने येत राहिला. मग त्याच्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि त्याला शेताकडे बघावं लागलं. मंडळाने दोन वर्षं कसाबसा संघ उतरवला, नंतर नाव देणंच बंद केलं. ढाल तर पहिल्याच वर्षी परत करावी लागली होती.

पण मिलचा माणूस म्हणाला होता तेही खोटं ठरलं नाही. भावाला मिलमध्ये कायम केलं. तो मिलच्या संघाचा कप्तान झाला, लग्न झालं, डोंबिवलीला दोन खोल्यांचं घर घेतलं. तेव्हा डोंबिवलीत स्टेशनच्या पलीकडे नुसती भातशेतं होती. आम्ही वास्तुशांतीला गेलो. ह्यांच्याशी तो आदराने वागायचा, सणावाराला यायचा. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. पण अंगणात रेघ मारून दोघं तासन्‌तास खेळायचे, तसलं काही पुन्हा त्या दोघांत आलं नाही. त्याला दिला ते बरोबर की चूक, ह्यावर ओटीवर बसणारी माणसं पुढे कितीतरी वर्षं वाद घालत. मला विचारलं तर मी काय सांगणार? ढालही खरी होती, नोकरीही खरी होती.

एका थंडीत, ह्या सगळ्याला सात-आठ वर्षं झाली असतील, तो अवचित दुपारचा आला. हे ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तो समोर बसला आणि आपणहून सांगायला लागला. मिलला डोंबिवलीच्या एका मंडळातला एक मुलगा हवा होता. बदल्यात दोन जुने गडी द्यायचे होते. मुलाला आणण्यासाठी मिलने माझ्या भावालाच पाठवलं होतं.

"मंडळवाले तयार होते," तो म्हणाला. "मुलगाही सगळ्यांसमोर हो म्हणाला. मग मी त्याला बाहेर घेऊन गेलो. शेताच्या बांधावर. म्हटलं, आता इथं कोणी नाही. तुला यायचंय का?"

हे तेल चोळायचे थांबले. "मग?"

"नाही म्हणाला. म्हणून परत आलो."

"मिलवाले काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी."

ह्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "मी तुला बाजूला घ्यायला हवं होतं. तुझ्या ताईने सांगितलं होतं मला."

 ओटीच्या कडेला बसून भावाने एकदा पायातल्या वहाणा सारख्या केल्या. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "ताईने तेव्हाच सांगितलं होतं. मी दोन दिवस वाट बघितली."

ह्यांनी मान हलवली.  मी आत जाऊन चुलीवर भात टाकला. त्या दिवशी तो जेवून गेला. त्या डोंबिवलीच्या मुलाचं पुढे काय झालं, तो कुठे खेळला, त्याला नोकरी लागली की नाही, ते मला माहीत नाही.